एकवीसशे मीटरवरचं धुराडं

आमच्या विमानतळावर त्यांना सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. गंमत अशी, की त्या माणसानं नोकरीच्या एकतीस वर्षांत एकदाही दुर्बीण डोळ्याला लावली नाही. लावायची नाही असा नियमच आहे. किती लांबचं दिसतंय हे हवामान निरीक्षकानं उघड्या डोळ्यांनी बघून सांगायचं. चष्मा चालतो, दुर्बीण नाही. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला टॉवरबाई. मी वर टॉवरमध्ये बसून विमानांशी बोलायचे, ते खालच्या मजल्यावर हवामान खोलीत बसायचे. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं, त्यातलं बरंचसं फोनवरच.

हे लिहायला बसले आहे ते त्यांचे गोडवे गाण्यासाठी नाही. गोडवे त्यांना खपायचे नाहीत, आणि मला ते गायचा हक्कही उरलेला नाही. का उरला नाही, ते सांगायलाच बसले आहे.

विमानतळ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, तसं आमच्याकडे काहीच नव्हतं. एक आखूड धावपट्टी, पत्र्याच्या छपराचा एक हॉल, त्यात कायम दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा, आणि दिवसाला चार विमानं. बारक्या पंख्यांची, चाळीस-पन्नास माणसांची. हिवाळ्यात सकाळी धुकं पडायचं आणि मग सगळं गाडं काकांपाशी येऊन थांबायचं. धुक्यातून विमान खाली आणणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. निदान दोन किलोमीटरपर्यंतचं दिसत असेल तरच उतरायचं, नाहीतर आल्या वाटेनं परत जायचं, असा कायदा. आणि तेवढं दिसतंय की नाही, हे सांगणारा माणूस एकच.

हवामान खोलीच्या भिंतीवर काकांनी स्वतः काढलेला एक गोल नकाशा होता. मध्यभागी आमच्या इमारतीची गच्ची आणि भोवती खुणा. उत्तरेला पाण्याची टाकी, आठशे मीटर. पश्चिमेला खुद्द काकांचं घर, चौदाशे. पूर्वेला कौलांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं विटांचं धुराडं, एकवीसशे. मग रेडिओचा मनोरा, आणि शेवटी दक्षिणेची टेकडी, सहा हजार. प्रत्येक अंतर काकांनी आपल्या पायांनी चालत, चाकाचा मोजणीदांडा ढकलत मोजलेलं. धुराडं दिसलं की दोन किलोमीटर पार झाले आणि विमान उतरलं. नाही दिसलं, तर परत.

काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या, "तीस वर्षं हा माणूस रोज अर्ध्या अर्ध्या तासानं माझ्या घराकडे बघतोय. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना मी दिसले, असं एकदा तरी लिहिलंय का विचार त्याला." मी विचारलं. काका म्हणाले, "खूण हलती नसावी लागते." काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

दर अर्ध्या तासाला काका गच्चीवर जायचे. आधी डोळे मिटून उभे राहायचे, मनात साठापर्यंत मोजायचे, मग डोळे उघडून उत्तरेपासून सुरुवात. एक एक खूण बघत पूर्ण फेरी. मग खाली येऊन वहीत नोंद आणि मला फोन. लख्ख उन्हाच्या दिवशीसुद्धा हे असंच. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "काका, डोंगरावरची झाडं मोजता येतील इतकं स्वच्छ आहे. वर कशाला तंगडतोड करता?"

"मघाशी स्वच्छ होतं," ते म्हणाले. "आत्ताचं मी अजून बघितलं नाही."

त्याच वर्षी माझ्याकडून एक चूक झाली होती. एका विमानाला वाऱ्याची दिशा चार मिनिटं उशिरा कळवली. काही बिघडलं नाही, म्हणून मी ते माझ्या वहीत लिहिलंच नाही. काकांच्या ते लक्षात आलं. ते जिना चढून वर आले, दार लावून घेतलं, आणि मला झापलं. आवाज चढवला नाही, पण मला रडू फुटलं. "चुकलीस, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मीही चुकेन. पण चूक लिहून टाकायची. चुकीचं लिहिलं तर लोक म्हणतील माणूस चुकला. गाळलंस, तर तू खोटी. हे लक्षात ठेव आणि डोळे पूस." मी लक्षात ठेवलं. निदान मला तसं वाटायचं.

मग विस्ताराची योजना आली. म्हणजे ती बारा वर्षं येतच होती. दर निवडणुकीला यायची आणि घोडं कुठंतरी पेंड खायचं. या वेळी मात्र ती खरोखर आली. हॉलमध्ये काचेच्या पेटीत नव्या विमानतळाची प्रतिकृती मांडली गेली. लांबलचक धावपट्टी, काचेची इमारत, दिवसाला वीस विमानं, प्लॅस्टिकची हिरवीगार झाडं आणि पाव इंचाची माणसं. प्रवासी आपली बॅग विसरून तिच्याभोवती गोळा व्हायचे. आम्हालाही हुरूप आला होता, खोटं कशाला बोलू. मला नवा टॉवर मिळणार होता, चारी बाजूंनी काच असलेला, आणि मी त्याची स्वप्नं बघत होते.

काका पेटीभोवती दोनदा फिरले. वाकून बघितलं. मग योजनेच्या अभियंत्याला विचारलं, "यात माझी गच्ची कुठं आहे?"

"गच्ची नाही काका. धावपट्टीच्या कडेला यंत्रं बसतील. ती दर मिनिटाला आकडा सांगतील."

"बरं आहे," काका म्हणाले. "त्यांचे गुडघे दुखणार नाहीत."

सगळे हसले, तेही हसले. निवृत्तीला त्यांची अडीच वर्षं उरली होती.

त्यानंतर एक एक खूण जायला लागली. पाण्याची टाकी नव्या रस्त्यासाठी पाडली. निलगिरीची रांग तोडली. दर वेळी काका नकाशावरच्या त्या खुणेवर तांबडी फुली मारायचे, मोजणीदांडा घेऊन बाहेर पडायचे आणि नवी खूण शोधून आणायचे. टाकीच्या जागी एका दवाखान्याचा जिना आला, निलगिरीच्या जागी विजेचा खांब. पण धुराड्याला पर्याय मिळेना. पूर्वेला दोन किलोमीटरच्या आसपास दुसरं उंच काही नव्हतंच. आणि धुराडं तर जाणारच होतं. लांब धावपट्टीवर मोठी विमानं त्याच दिशेनं उतरणार होती, आणि ते नेमकं वाटेत उभं. पाडायची तारीख तीनदा ठरली, तीनदा पुढे गेली.

या सगळ्या धांदलीत मला आणखी एक दिसत होतं, आणि मी त्याकडे कानाडोळा करत होते. काका पेपर आता दिव्याखाली धरून वाचायचे. चहाचा कप उचलताना आधी बोटांनी त्याची कड चाचपायचे. जिना चढताना पायऱ्या पुटपुटत मोजायचे. एकदा मला समोरून येताना बघून ते म्हणाले, "कोण, टॉवरबाई का?" दहा पावलांवरून. मी म्हटलं, "नाही, टेकडी." ते हसले आणि मीही तो विषय तिथंच सोडला. त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही असं नाही. पण विचारलं असतं तर पुढचं काहीतरी करावं लागलं असतं.

धुराडं शेवटी पडलं ते एका बुधवारी दुपारी चार वाजता. विमानांना धोका नको म्हणून धावपट्टी तासभर मीच बंद ठेवली होती, सूचनापत्रावर सही माझी. टॉवरच्या खिडकीतून मी ते बघितलं. पायथ्याशी धूर झाला, धुराडं क्षणभर तसंच उभं राहिलं आणि मग बसकण मारल्यासारखं खाली गेलं. विस्ताराचे लोक टाळ्या वाजवत होते. काका त्या दिवशी रजेवर होते. कुठं गेलेत ते कुणाला सांगितलं नव्हतं; ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते हे मला नंतर काकूंकडून कळलं. सूचनापत्राची एक प्रत बारीक अक्षरांत छापलेली, त्यांच्या टेबलावर ठेवलेली होती. मी ठरवलं होतं, की सकाळी त्यांना तोंडी सांगायचं.

गुरुवारी सकाळी दाट धुकं होतं. पहिल्या विमानात विस्ताराच्या पाहणीसाठी येणारे चार मोठे अधिकारी होते, आणि आमच्या विमानतळाच्या साहेबांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. साडेसातपासून त्यांचे मला तीन फोन. "उतरेल ना? बाई, बघा हं, उतरायला हवं." वर विमान घिरट्या घालत होतं, वैमानिक दर दोन मिनिटांनी विचारत होता. त्या गडबडीत कालचं धुराडं माझ्या डोक्यातून साफ गेलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं झालं, एवढंच.

काका गच्चीवर गेले. खाली आले. फोन वाजला.

"दोन हजार शंभर," ते म्हणाले. "धुराडं दिसतंय."

"ठीक," मी म्हटलं, आणि विमानाला उतरायला सांगितलं.

माझ्या खिडकीबाहेर सगळं दुधासारखं पांढरं होतं. विमानाचा आवाज आला, वाढला, आणि दिवे दिसले ते एकदम धावपट्टीच्या तोंडाशी. चाकं जोरात आपटली, विमान एकदा उडालं, परत बसलं, आणि पट्टीच्या पार टोकाला जाऊन थांबलं. त्रेचाळीस माणसं. रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला, थोडा कापरा, तरी थट्टेचा आव आणलेला. "टॉवर, तुमच्याकडचे दोन किलोमीटर फारच आखूड आहेत बुवा."

साहेबांचा फोन आला, "शाबास!" अधिकाऱ्यांना गुच्छ देण्यात आले.

नऊच्या सुमारास धुकं उठलं. मी पाणी पीत खिडकीशी उभी होते. पूर्वेला कारखान्याचं छप्पर दिसलं, विटांचा ढीग दिसला, आणि त्याच्या वर मोकळं आभाळ. मी खाली बघितलं. काका गच्चीवर होते, पूर्वेकडे तोंड करून. नऊची फेरी दहा मिनिटांत संपायला हवी होती. ते अर्धा तास तसेच उभे होते.

मी धावत खाली गेले. ते खोलीत येऊन बसले होते, आणि हातात भिंगाखाली धरलेलं ते सूचनापत्र होतं.

"मला दिसलं होतं गं," ते म्हणाले. "खोटं नाही बोललो. डोळे मिटले, साठ मोजले, उघडले, तर धुराडं होतं. त्याची वरची फुटकी कड होती, डाव्या अंगाची. शपथेवर सांगेन, मला दिसलं."

"काका, विमान सुखरूप उतरलं. कुणाला काही कळलेलं नाही. आकडा काय, धुक्यात थोडा इकडे तिकडे होतोच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे. "मला भीती आजची नाही," ते म्हणाले. "किती दिवस मी आठवणीतूनच बघतोय, ते मला आता कळायला मार्ग नाही. गेल्या महिन्याचं खरं किती? त्याच्या आधीचं?"

त्यांनी वही ओढली आणि स्वतःवरच अहवाल लिहायला घेतला. मी 'नको' म्हटलं, एकदा. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्या फोनवर ते मला आकडाच नव्हे, खूणही बोलले होते. धुराडं दिसतंय. आणि ते पडलेलं माझ्याएवढं स्पष्ट त्या इमारतीत कुणीच बघितलं नव्हतं. म्हणजे चूक माझीही होती. मी तोंड मिटलं.

चौकशीला बाहेरून दोन माणसं आली. त्यांनी काकांचा अहवाल मला वाचून दाखवला. वेळ, धुकं, डोळ्यांचं दुखणं लपवल्याची कबुली, न वाचलेलं सूचनापत्र, सगळं होतं. शेवटचं वाक्य असं: 'टॉवरला फक्त आकडा कळवला.'

"बरोबर आहे का?" त्यांनी मला विचारलं. "खुणेचा उल्लेख झाला नव्हता?"

"नियमाप्रमाणे आकडाच कळवतात," मी म्हटलं.

बघा कसं आहे ते. एक शब्द खोटा नाही. नियम तसाच आहे. मी नियम सांगितला आणि सुटले.

काकांना निरीक्षणावरून काढलं. उरलेले चौदा महिने ते हॉलच्या मागच्या खोलीत, प्रवाशांच्या हरवलेल्या सामानाच्या टेबलावर बसले. सामान चढवणारे लोक त्यांना 'आंधळी दुर्बीण' म्हणायला लागले, आणि तेही अगदी त्यांच्या तोंडावर. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही डोळे छान झाले, पण गच्चीचं दार त्यांना कुणी उघडून दिलं नाही. यंत्रं बसली होती. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या 'प्रदीर्घ सेवेचा' उल्लेख केला आणि डोळ्यांचा विषय शिताफीनं टाळला. मला नवा टॉवर मिळाला. चारी बाजूंनी काच. मुलींची शिक्षणं झाली. मी काकांच्या घरी जाणं हळूहळू कमी केलं. आधी कामाचं निमित्त, मग निमित्तही लागेना.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. "अगं, ये की एकदा. हे विचारतात तुला." गेले. काका गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते, म्हणजे आमच्या जुन्या नकाशावरच्या चौदाशे मीटरच्या खुणेवर. समोर नवा विमानतळ, काचेची इमारत, आणि उतरणारं मोठं विमान. ते बारीक झाले होते. नजर मात्र लख्ख.

"तुझ्या टॉवरची तिसरी काच बदलली का गं?" त्यांनी विचारलं. "रंग वेगळा दिसतोय."

बदलली होती. मला रडूच यायला लागलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही ते वाक्य का लिहिलंत? फक्त आकडा कळवला, हे?"

"तुझी नोकरी पंधरा वर्षं उरली होती, माझी चौदा महिने. विमान माझ्यामुळं उतरलं. दोघांनी बुडायचं कशाला?"

"पण गाळलं तर माणूस खोटा, असं तुम्हीच म्हणायचा."

"म्हणायचो." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या चुकीचं मला काही वाटत नाही, टॉवरबाई. ती लिहिली, संपली. तीस वर्षांच्या वह्या आहेत तिथं. सगळ्यांत मिळून मी एकच गोष्ट गाळली. तेवढी मात्र संपत नाही. पहाटे जाग आली की आठवते."

काकू चहा घेऊन वर आल्या आणि आम्ही दुसरं बोलायला लागलो. मला वाटत होतं, ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी समजत होते, की त्यांनी मला वाचवलं आणि त्यांना त्याचं समाधान असेल. त्यांचं आयुष्यभराचं एकच खरं धन होतं, आणि ते मी गप्प बसून खर्चून टाकलं होतं. याची मला लाज वाटते. ती कमी व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी विमानतळाच्या कार्यालयात अर्ज दिला, की त्या जुन्या अहवालाला माझी पुरवणी जोडावी. आताचे साहेब तरुण आहेत. ते म्हणाले, "बाई, सात वर्षं झाली. आता याचा काय उपयोग?" मी म्हटलं, जोडा. त्यांनी शिक्का मारून घेतला. एक प्रत मी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती चष्म्याशिवाय वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पुरवणी एवढीच आहे:

'गुरुवार, सकाळी सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. निरीक्षकांनी फोनवर मला आकडा सांगितला आणि त्यापुढे म्हणाले, धुराडं दिसतंय. धुराडं पडलेलं मी आदल्या दिवशी स्वतः बघितलं होतं. मी म्हणाले, ठीक.'